लाल खुणेचे शंख

वेल्मिना सियाहाया विद्यापीठात गेली तेव्हा लातुहेरूतल्या अर्ध्या गावाला वाटलं, ही आता मासे मोजायला शिकणार. आणि उरलेल्या अर्ध्याला वाटलं, मासे मोजायला शिकण्यासाठी विद्यापीठापर्यंत जायचं काय अडलंय. दोघांचंही फारसं चुकलं नव्हतं. पहिल्या सहामाहीतला तिचा सगळ्यात आवडता विषय होता परिसरविज्ञानाची तोंडओळख, आणि त्यात खरोखरच मोजणं पुष्कळ होतं.

घरी आणि गावात तिला मिना म्हणत. ती चार वर्षांची होती तेव्हा तिचा बाप शंख काढायला पाण्याखालच्या खडकाच्या कडेशी, जिथून समुद्र एकदम खोल होतो, तिथं खाली गेला आणि वर आला नाही. होडीत दोघे बसले होते. त्यांनी दोरी ओढली तेव्हा दोरीला फक्त पिशवी होती, पिशवीत अकरा शंख होते. आई पुढं सेरामला दुसऱ्या घरी गेली. मिनाला वाढवलं काकानं, ओम देमीनं. पोहायला तिला त्यानंच शिकवलं. खडकाची कड ओलांडू नकोस असं बजावायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नाही.

ओम देमी म्हणजे आमच्या समुद्राच्या राखणदारांचा मुख्य. आमच्याकडे समुद्राला कुलूप लावतात, त्याला सासी म्हणतात. रविवारी पाद्री वेदीवरून सांगतो, किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्या बांधलेले खांब रोवले जातात, आणि त्या दिवसापासून दोन-तीन वर्षं खडकावरच्या लोलाला कोणी हात लावायचा नाही. लोला म्हणजे भोवऱ्याच्या आकाराचा जाड शंख, आतून चकचकीत, ज्याच्या गुंड्या होतात. शंख मोठे झाले, भरपूर झाले असं राखणदारांना वाटलं की सासी उघडते. सगळं गाव पाण्यात उतरतं, व्यापाऱ्याची बोट येते, आणि त्यातून शाळेची भिंत किंवा देवळाची घंटा, जे काही अडलं असेल ते होतं.

भरपूर झाले हे ओम देमीला कसं कळायचं? श्वासावरून. तो खाली जायचा, एका श्वासात किती शंख हाती लागतात ते बघायचा, वर येऊन होडीच्या फळीवर नखानं रेघ ओढायचा. खडकाच्या तीन ठिकाणी दहा-दहा श्वास. एवढंच त्याचं शास्त्र. चाळीस वर्षं त्यानं ते केलं आणि चाळीस वर्षं गावानं ते मानलं. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानातून रक्त आलं. तेव्हापासून तो होडीत बसायचा, खाली पोरं जायची आणि वर येऊन त्याला सांगायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मिनाचा आईकडचा आजा, तेते लुकास, माताकाऊ बांधणारा होता. बागेतली फळं चोरीला जाऊ नयेत म्हणून झाडाला लाल चिंधी बांधायची, तिच्यात खेकड्याची नांगी अडकवायची, नाहीतर माशाचा काटा. जी वस्तू बांधली असेल तसा त्रास चोराला होतो. नांगी असेल तर पोटात चिमटे, काटा असेल तर घशात. पाद्री म्हणतो हे सैतानाचं काम, आणि आम्ही मान हलवतो. लुकासची चिंधी बांधलेल्या झाडाखाली पिकून पडलेला आंबासुद्धा मात्र कोणी उचलला नाही. म्हातारा वारल्यावर माताकाऊचं नाव निघेनासं झालं. मिनासमोर तर मुळीच नाही. ती तेराव्या वर्षी शिकायला आंबोनला गेली, माताकाऊ म्हणजे काय ते तिनं उडत उडत ऐकलं होतं, पण आजोबाबद्दल तिला एवढंच आठवायचं की तो तिला भाजलेला साबुदाणा भरवायचा.

विद्यापीठात मिनाच्या वर्गाला इबू रोसलिन शिकवायच्या; इबू म्हणजे बाई. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आणि खडूनं बोटं कायम पांढरी. वर्गात चाळीस पोरं, पंखा एक, तोही स्वतःला वारा घालण्यापुरता. एका सोमवारी त्या कनारीच्या बियांचं पोतं घेऊन आल्या. या पोत्यात बिया किती, एकेक न मोजता कोण सांगेल? कोणी सांगेना. मग त्यांनी मूठभर बिया काढल्या, त्यांना लाल रंग लावला, परत पोत्यात टाकल्या, पोतं हलवलं, आणि पुन्हा मूठ भरली. मुठीत लाल बिया पुष्कळ आल्या तर पोतं लहान. एखादीच आली तर पोतं मोठं, कारण लाल बिया त्या गर्दीत हरवल्या. जंगलातली हरणं, तळ्यातले मासे असेच मोजतात, त्या म्हणाल्या.

मिनाच्या अंगावर काटा आला. आनंदानं. चाळीस वर्षं काका पाण्यात कान फोडून घेत होता, आणि उत्तर एका पोत्यात होतं. तिनं वहीत चारही अटी सुवाच्य अक्षरात लिहिल्या. खूण पुसली जाता कामा नये. खुणेचे प्राणी बाकीच्यांत नीट मिसळायला हवेत. मधल्या काळात कोणी बाहेरून यायला नको, कोणी जायला नको. आणि खुणेचा व बिनखुणेचा, दोघांची हाती लागण्याची शक्यता सारखी हवी. या चौथ्या अटीखाली इबू रोसलिननं दोन रेघा मारायला लावल्या होत्या. मिनानं त्या पट्टी धरून मारल्या.

सहामाहीचं प्रात्यक्षिक आपल्या गावी करायचं तिनं ठरवलं. सोबत नुरुल होती, आंबोन शहरातली, पोहण्याच्या तलावात शिकलेली, खाऱ्या पाण्याला नाक मुरडणारी. ऑक्टोबरात समुद्र तेलासारखा असतो. ओम देमीनं मोजणीपुरती परवानगी दिली. गावचे चार पाणबुडे मदतीला आले. त्यांत एलियास होता, आणि योपी होता, मिनाच्या आतेचा मुलगा, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, नुकतं लग्न झालेला आणि सगळ्यांची टर उडवणारा. पोरांनी मोठे शंख वर आणले, तीन बोटांहून रुंद तेवढेच. मिना आणि नुरुलनं होडीत बसून ते पुसले, आणि प्रत्येकाच्या टोकाजवळ नखांना लावायच्या लाल रंगाचे दोन हात दिले. लाल का, तर पाण्यात उठून दिसतो आणि बाजारात तोच स्वस्त होता. दीडशे शंख रंगवले. योपी शेजारी बसून बघत होता. नेहमीसारखा एकही विनोद त्यानं केला नाही, आणि रंगवलेला शंख परत पाण्यात सोडायला दिला तेव्हा म्हणाला, "तूच सोड." मिनाला वाटलं, दमला असेल.

आठवड्यानं दुसरी फेरी झाली. चौघे पाणबुडे आणि नुरुल खाली गेले. पिशव्या वर आल्या, मिनानं प्रत्येकाच्या नावापुढं आकडे मांडले आणि सगळे शंख परत पाण्यात सोडले. एकूण एकशे वीस शंख. त्यात लाल खुणेचे चार.

दीडशे गुणिले एकशे वीस, भागिले चार. साडेचार हजार.

तिनं तीनदा करून पाहिलं. साडेचार हजार मोठे शंख, आपल्या खडकावर. एवढा आकडा गावानं कधी ऐकलाही नव्हता.

नोव्हेंबरात गावसभा भरली. पूर्वेच्या वाऱ्यानं देवळाचं छप्पर उडवलं होतं, लोक निळ्या ताडपत्रीखाली प्रार्थना करत होते, आणि सासी उघडावी असं जवळपास सगळ्यांच्याच मनात होतं. ओम देमी उठला. तो फार बोलणारा माणूस नव्हे. म्हणाला, पूर्वी एका श्वासाला तीन शंख निघायचे, यंदा एका शंखाला तीन श्वास लागतात असं पोरं सांगतात, अजून दोन वर्षं बंद ठेवा. लोक चुळबुळले. तेव्हा गावप्रमुखानं, म्हणजे राजानं, मागच्या रांगेत बसलेल्या मिनाला, मुलीला मानानं म्हणतात तसं नोना म्हणत, विचारलं, "नोना, तुमचं विद्यापीठ काय म्हणतं?"

मिना उभी राहिली. हातात वही होती, तिची गरज नव्हती. "साडेचार हजार," ती म्हणाली.

"कुठं बसलेत गं एवढे?" ओम देमीनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मला दाखव. मी येतो."

"ओम, तू खाली कुठं जातोस आता? दोन वर्षं होडीत बसून तू ऐकीव सांगतोयस. आणि श्वास म्हणजे काय माप आहे? योपीचा श्वास वेगळा, एलियासचा वेगळा. हे सगळ्या जगात असंच मोजतात."

सभा हसली. वाईट हसली नाही, पण हसली. ओम देमीनं कानाला हात लावला, जणू नीट ऐकू आलं नाही, आणि खाली बसला. चारही पाणबुडे पुढंच होते. त्यांनी पाद्र्याकडे पाहिलं, मग आपापल्या पायांकडे पाहिलं, आणि मूग गिळून बसले. मिनाला वाटलं, त्यांना पटलंय. महिन्याअखेरच्या शनिवारी सासी उघडायचं ठरलं. घरी जाताना ओम देमी तिच्या दोन पावलं पुढं चालत होता. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, जेवलीस का. आपण त्याला भर सभेत खोटं पाडलं हे तिला तेव्हाच टोचलं होतं, पण खरं ते खरं, असं तिनं मनाला समजावलं.

सासी उघडायच्या आदल्या दुपारी इबू रोसलिननं प्रात्यक्षिकाच्या वह्या परत दिल्या. वरच्या पानावर ब्याऐंशी गुण होते. वर्गात सगळ्यांत जास्त. मिनानं वही न उघडता पिशवीत घातली. ती ओम देमीला दाखवायची होती, आणि त्याच्यासमोरच उघडायची होती. शनिवारी पहाटेची बोट पकडली. आंबोनचं बेट मागं पडलं, फोनची रेघ गेली, करायला काही नव्हतं म्हणून तिनं वही काढली. पाण्याचे तुषार उडत होते. चौथ्या पानावर, पिशव्यांच्या कोष्टकाशेजारी, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

"खुणेचे चारही शंख नुरुलच्याच पिशवीत कसे? गावच्या चौघांच्या पिशव्यांत मिळून एकशे अकरा शंख आणि खुणेचा एकही नाही. हे नशीब नव्हे. कारण शोध."

मिनानं कोष्टक पाहिलं. तिनंच लिहिलं होतं, तिच्याच सुवाच्य अक्षरात. योपी एकतीस, लाल शून्य. एलियास अठ्ठावीस, शून्य. पुढचे दोघे, शून्य, शून्य. नुरुल नऊ, त्यात चार लाल. तिनं बोटीच्या बाकावर बोटानं गणित केलं. एकट्या नुरुलची पिशवी धरली तर दीडशे गुणिले नऊ, भागिले चार. तीनशे सदतीस.

तीनशे सदतीस आणि साडेचार हजार. यामागचं कारण तिला अजून उमगलं नव्हतं, पण ओम देमीचे तीन श्वास मात्र आठवले.

बोट लागली तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर होतं. प्रार्थना संपली होती. झावळ्यांचे खांब उपटून वाळूत आडवे टाकले होते. पाणबुडे कमरेइतक्या पाण्यात रांगेनं उभे होते, आणि ओम देमी शंख फुंकायच्या बेतात होता. तो त्याचाच मान होता. शंख फुंकला की सासी उघडली, मग ती कोणाला मिटता येत नाही. मिना चपला हातात घेऊन पाण्यातून धावत आली. तिला पाहून त्यानं तोंडाजवळ नेलेला शंख खाली घेतला.

"काय गं?" तो म्हणाला.

सगळे वळून बघू लागले. राजा, पाद्री, व्यापाऱ्याची माणसं, सभेत हसलेली सगळी तोंडं. मिनाच्या मनात आलं, नऊ शंख म्हणजे फारच थोडे, एवढ्यावरून काही ठरत नाही, इबू रोसलिनच म्हणतात. ते खरंही होतं. पण ती गप्प बसली त्याचं कारण ते नव्हतं. काही आठवड्यांपूर्वी काकाला ज्यांच्यासमोर गप्प केलं त्याच लोकांसमोर आपला शब्द गिळायची तिला लाज वाटली. एवढीच गोष्ट.

"काही नाही," ती म्हणाली.

ओम देमी क्षणभर थांबला. तिला बोलायला त्यानं जागा ठेवली होती असं तिला पुढं कित्येक दिवस वाटत राहिलं. मग त्यानं शंख फुंकला.

पहिल्या दिवशी पोती भरतील म्हणून बायकांनी वाळूत चटया अंथरल्या होत्या. दुपारपर्यंत एकच चटई भरली. दुसरा दिवस रविवार, समुद्र बंद. सोमवारी पोरं आणखी खोल गेली, एकेकाला चार-चार वेळा रिकाम्या हातानं वर यावं लागलं. मंगळवारी लहान शंख वर येऊ लागले, अंगठ्याएवढे. ओम देमी पाण्यात उभा राहून ते एकेकाच्या हातातून घ्यायचा आणि परत टाकायचा. अंडी घालण्याजोगे व्हायला त्यांना अजून तीन वर्षं होती. शेवटी सगळे मोठे शंख मोजले. एकशे एक्क्याण्णव. व्यापारी हसला, पण त्याच्या हसण्यात मजा नव्हती.

मिना चटईच्या कडेला बसली होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, शिव्याही देत नव्हतं. योपी डोकं पुसत आला आणि शेजारी टेकला.

"आता खाली तुझेच राहिलेत," तो म्हणाला.

"माझे म्हणजे?"

"लाल. सगळे आहेत. कुणी हात लावला नाही, काळजी करू नकोस." तिला काही कळत नाही असं पाहून त्यानं पाद्री कुठं आहे ते बघितलं आणि आवाज उतरवला. "अगं, तेते लुकासची नात तू. तू बसून एकेकावर लाल खूण केलीस, तोंडानं मोजत होतीस, पुटपुटत होतीस. कोण उचलेल ते? मोजणीच्या दिवशीही आम्ही ते सोडूनच बाकीचे आणले. तेवढी जाण आहे आम्हाला."

तो हे अभिमानानं सांगत होता. मिनाला वहीतली चौथी अट आठवली. हाती लागण्याची शक्यता सारखी हवी. त्याखाली दोन रेघा, पट्टी धरून. वर आलेले एकशे एक्क्याण्णव आणि खालचे दीडशे मिळून तीनशे एकेचाळीस. नुरुलची पिशवी चारच शंखांनी चुकली होती.

"सभेत का नाही बोललास?" तिनं विचारलं.

"पाद्री पुढंच बसला होता की. त्याच्यादेखत माताकाऊचं नाव काढू?"

तेवढ्यात राजानं तिला हाक मारली. कुणीतरी त्यालाही सांगितलं होतं. तो चिडलेला नव्हता, हात जोडल्यासारखं बोलत होता. म्हणाला, नोना, झालं ते झालं, बोट उद्या सकाळपर्यंत थांबते आहे. खाली दीडशे मोठे शंख आहेत म्हणतात. तुझी खूण आहे, तू काढून घेतली असं सगळ्यांसमोर म्हण, म्हणजे पोरं उतरतील. निदान अर्धं छप्पर तरी होईल. पाद्री लांब जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे त्याला हे ऐकू गेलं नाही असं म्हणता यावं.

मिनाला माहीत होतं, सगळ्या खडकावर अंडी घालण्याजोगे तेवढेच दीडशे उरलेत. ते गेले की लातुहेरूच्या समुद्रात लोला संपला; मग झावळ्या रोवून राखायचं काय? ही खूण माताकाऊ नाही, बाजारातला रंग आहे, असं खरं सांगितलं तर पोरं आत्ता उतरतील. चूक झाली म्हणावं, माफी मागावी, पुढच्या पिढ्यांचा हवाला द्यावा, तर तिच्या आकड्यावर आता कोण विश्वास ठेवणार? तिनं ओम देमीकडे पाहिलं. तो वाळूत बसून पायाला लागलेला समुद्री साळिंदराचा काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"माझे आहेत," ती म्हणाली. "खूण मी काढणार नाही."

मग एलियासनं विचारलंच. ते विचारावंच लागतं, खूण करणाऱ्यानं सांगावंच लागतं, नाहीतर खूण लागत नाही. "उचलले तर काय होईल?"

नांगी नव्हती, काटा नव्हता. शंखावर नुसता लाल ठिपका होता. मिनाच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली, कारण तिला ती एकच ठाऊक होती. होडी, दोरी आणि दोरीच्या टोकाला पिशवी.

"खाली जाईल तो वर येणार नाही."

तिचा बाप कसा गेला हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ओम देमीनं आता वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला प्रथमच भीती दिसली. समुद्राची भीती तिनं तिथं कधी पाहिली नव्हती. व्यापाऱ्याची बोट त्याच दुपारी निघून गेली.

त्यानंतर मिना आंबोनला परतली, परीक्षा दिली, पासही झाली. नखांचा रंग खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत ती सहा बाटल्या घेऊन आली. बाजारातल्या बाईनं तिची कोरी नखं बघून विचारलं, एवढा कुणाला लावणार? ओम देमीनं होडी काढली. तो दोरी धरून बसायचा, ती खाली जायची. खडकावरच्या सहा मोठ्या दगडांपाशी मिळून तिला एकशे चव्वेचाळीस शंख सापडले, सगळ्यांना तिनं पुन्हा रंग दिला. सहावा दगड कडेच्या पलीकडे होता. आयुष्यात पहिल्यांदा ती कड ओलांडून गेली, आणि वर आल्यावर ओम देमीनं तिचं मनगट कितीतरी वेळ सोडलं नाही. हे चूक आहे, तो एवढंच म्हणाला. गावात आता बायका तिला वाट द्यायच्या. लहान पोरांना तिच्या समोरून हळूच बाजूला घ्यायच्या. मोठ्यानं हसणारा योपीसुद्धा भेटला की खाली बघून बोलायचा. त्याच्या बायकोला, लीनला, सातवा महिना लागला होता.

आपण जे बोललो त्यावर मिनाचा काडीचाही विश्वास नव्हता. ती विज्ञानाची विद्यार्थिनी होती. दीडशे शंख वाचवायला एक वाक्य लागलं, ते तिनं वापरलं. रात्री झोप न येण्याचं कारण ती परीक्षा सांगायची, मग परीक्षाही संपली.

जानेवारीत ती पुन्हा आली. शनिवारी मोजणी केली. पाच दगडांपाशी सगळे शंख जागच्या जागी होते. कडेपलीकडच्या दगडापाशी चोवीस असायला हवे होते, तिथं तेरा होते. तिनं दुसऱ्यांदा जाऊन पाहिलं, तेराच. शंख सरकतात, तिनं स्वतःला सांगितलं. पण परतताना किनाऱ्याच्या टोकाला, जिथं होड्या ओढून ठेवतात, एका सपाट धोंड्यावर तिला लाल पापुद्रे दिसले. नखानं उचलून पाहिलं. कुणीतरी सुरीनं रंग खरवडून काढला होता, सावकाश, नीट, म्हणजे खूण नव्हतीच असं स्वतःलाही म्हणता येईल. शेजारी होडीचा ओला माग होता. ओम देमीनं ते पापुद्रे पायानं वाळूत ढकलले.

रविवारी मिना देवळात गेली. छप्पर अजून नव्हतंच. ताडपत्रीतून निळा उजेड सगळ्यांच्या अंगावर पडला होता. पुरुष उजवीकडे बसतात. स्तोत्र सुरू झालं तशी ती मोजू लागली. ती कुणाला मोजतेय ते तिचं तिलाच आधी कळलं नाही. गावात खोल जाणारे पाणबुडे बारा. तिला अकरा दिसले. खांबाआड कोणी असेल म्हणून ती वाकली, पुन्हा मोजलं. एलियास होता, त्याचा भाऊ होता. अकराच होते. दोन रांगा मागं ओम देमी उभा होता, त्याचंही तोंड पुस्तकात नव्हतं. तोही मोजत होता.

रविवारी आमच्याकडे कोणी समुद्रावर जात नाही. म्हणजे रविवारी, प्रार्थनेच्या वेळी, समुद्रावर बघणारंही कोणी नसतं. जायचं तर एकट्यानं जावं लागतं, होडीत दोरी धरणारा नसतो.

प्रार्थना संपल्यावर बायका दारात बोलत थांबल्या. लीन कमरेवर हात ठेवून उभी होती, अवघडलेली. मिना तिच्याजवळ गेली आणि होईल तितक्या सहज आवाजात तिनं विचारलं, योपी दिसला नाही.

"पहाटेच गेलाय कुठंतरी. येतो म्हणाला प्रार्थनेच्या आत," लीन म्हणाली. "आता येईल की." मग तिनं मिनाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा हात कमरेवरून पोटावर आला. "तू का विचारतेस, मिना?"

मिनाची नजर होड्या ओढून ठेवतात त्या टोकाकडे गेली. लीननं पुन्हा तेच विचारलं, आता थोडं मोठ्यानं, आणि दारातल्या बायका एकेक करून बोलायच्या थांबल्या.